घाईतही संदेश परत म्हणा

अंधेरी-विलेपार्ल्याच्या विद्यार्थ्यांना डोक्यावरून जाणारी विमाने नवीन नाहीत. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. तरीही डिसेंबर 2018 मध्ये एका दिवसात येथे 1000 हून अधिक उड्डाणे व अवतरणे झाली. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे सरासरी 86 सेकंदांना एक!

प्रत्येक विमानाला नियंत्रक रेडिओवरून अनेक सूचना देतो. वैमानिक त्यांतला महत्त्वाचा भाग परत म्हणतो व नियंत्रक तो पडताळतो. समजा, याला 10 सेकंद लागतात. एका कंप्रतेवर एका वेळी एकानेच बोलायचे असल्यामुळे मिनिटात अशी सहाच संभाषणे बसतील. सातव्याने थांबायचे! अशा वेळी माणूस बोलणे आखडतो. आधी खुलासे गळतात, मग शंका, आणि शेवटी पडताळणीही.

याची किंमत केवढी असते? 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील लहानशा विमानतळावर, दुसरीकडून वळवलेल्या विमानांची गर्दी होती. त्यात दाट धुके. एका जंबो विमानाचा कप्तान परवानगी नसताना उड्डाणासाठी निघाला. ‘थांबा’ ही नियंत्रकाची सूचना आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा संदेश एकाच क्षणी प्रक्षेपित झाले. दोन रेडिओलहरी एकमेकींत मिसळल्या व कप्तानाच्या कक्षात कर्कश शीळ तेवढी ऐकू आली. त्याच्या अभियंत्याने शंका काढली; ती झटकली गेली. 583 माणसे मेली.

जुळलेल्या चमूला थोडे शब्द पुरतात, असे कोणी म्हणेल. ते खरे, पण सर्वांच्या मनात एकच चित्र असेल तोवरच! ते तसे आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कसे कळणार? म्हणून माझे मत असे, की भार वाढला तर कामाचा वेग कमी करावा. पडताळणी कमी करू नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या प्रयोगशाळेतही हेच घडते. एक जण मापन वाचतो, दुसरा लिहितो. तास संपत आला की ‘एकोणसाठ’चे ‘एकोणसत्तर’ व्हायला कितीसा वेळ लागतो! वैमानिक आकडे सुटे म्हणतात, तसे ‘पाच, नऊ’ म्हणा आणि लिहिणाऱ्याने ते परत म्हणावेत. शिक्षकांनीही वेळ कमी असेल तर दोन निरीक्षणे वगळू द्यावीत. परत म्हणणे मात्र वगळू देऊ नये.