चटई कुणाच्या बापाची?



एका विद्यापीठाच्या ज्युदो क्लबची स्मरणिका परवा माझ्या हाती लागली. गुळगुळीत कागद. वर मान्यवरांचे संदेश, खाली सोनाराच्या जाहिराती आणि मधोमध आठ पानं 'क्लबचा गौरवशाली इतिहास'. कारध्याच्या जुन्या पुलाजवळ बसून तो इतिहास मी दोनदा वाचला. स्थापना कोणी केली, उद्घाटनाला कोण आलं, पदकं किती, खेळाडू कोट्यातून नोकऱ्या किती. सगळं आहे. मी नाही.

नाव छापलं नाही म्हणून मी रडत नाही. मी काही फार मोठा खेळाडू नव्हतो. डोकं फिरलं ते वेगळ्या गोष्टीनं. या इतिहासात ड्रेस नाही.

ड्रेसचं सांगतो. क्लबात जाड सुती कापडाचे सहा ड्रेस होते. पोट्टे आठ. आलटून पालटून घालायचे. पहिला महिना कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग निवड चाचणीचा फॉर्म भरला, त्यावर जातीचा रकाना होता. दुसऱ्या दिवसापासून मी घातलेला ड्रेस खुंटीवर लटकून राहू लागला. सात पोट्टे पाच ड्रेसांत भागवत, घामानं ओले झालेले एकमेकांचे चढवत, पण सहाव्याला हात लावत नसत. कोणी शिवी दिली नाही. कोणी 'दूर हो' म्हटलं नाही. सर तर हसून म्हणाले, "बरं झालं, तुला स्वतंत्र ड्रेस मिळाला."

१९३२ साली पुण्यात बाबासाहेबांच्या हातून काढून घेतलेला स्वतंत्र मतदारसंघ मला असा खुंटीवर परत मिळाला!

घरी मायला सांगितलं. ती म्हणे, "त्याईच्या ड्रेसाले तुहा घाम चालत नाही, अन् त्याईच्या भाताले माहा घाम कसा चालते रे?" मायचा हा प्रश्न कोणत्याच स्मरणिकेत छापून येणार नाही. म्हणून मी इथं छापतो.

आता इतिहासच सांगायचा तर पुरा सांगू.

१८८२ साली तोक्योत एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात जिगोरो कानो नावाच्या विशीतल्या मास्तरानं ज्युदो सुरू केला. जागा बारा चटयांची. शिष्य नऊ. त्याच्या आधी जुजुत्सू होतं. ती सामुरायांची विद्या. प्रत्येक घराणं आपले डाव दडवून ठेवायचं, शपथा घेऊन शिकवायचं. कानो दारू गाळणाऱ्या घरातला. त्यानं हे घराण्यातले डाव गोळा केले, त्यातले जीवघेणे बाजूला ठेवले आणि बाकीचे शाळा-कॉलेजच्या पोरांपुढं उघडे केले. वेद ऐकला तर शूद्राच्या कानात शिसं ओता म्हणणाऱ्या देशातल्या माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

पण कानोला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तो मोठ्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक, १९०९ पासून ऑलिंपिक समितीचा सभासद. प्रस्थापितांतलाच. त्याच्या देशातही अस्पृश्य होते. मेलेलं जनावर ओढणारे, चामडं कमावणारे. १८७१ साली सरकारनं फर्मान काढून त्यांना कागदावर मोकळं केलं. कागदावरचं मोकळं होणं काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

विद्यापीठाच्या ज्युदोचा खरा इतिहास क्योतोत आहे. १९१४ पासून क्योतो इंपिरियल विद्यापीठानं कॉलेजच्या पोरांच्या सामन्यांची परंपरा चालवली. पंधराचा संघ पंधराशी भिडायचा. पोरं नवखी, हाती दोन-तीन वर्षं. उभ्यानं फेकायचे डाव बसायला अख्खी उमर लागते. मग या पोरांनी काय केलं? जमीन धरली. समोरच्याला खाली ओढायचं, चटईवर चिकटून राहायचं, पायांत मान आवळायची. ज्याला जिंकता येत नाही, त्यानं निदान हरायचं नाही. कानोच्या लोकांना हे आवडलं नाही. १९२५ साली नियम बदलून त्यांनी जमिनीवरच्या झुंजीला आळा घातला. पोरांनी आपल्या सामन्यांत आपलेच नियम ठेवले. महायुद्धात सामने थांबले, पराभवानंतर शाळांतून ज्युदोवरच बंदी आली. १९५२ साली सात जुन्या विद्यापीठांनी त्याच नियमांनी पुन्हा सुरुवात केली. ती आजही चालू आहे.

आणि त्याच क्योतोत ३ मार्च १९२२ रोजी जपानच्या अस्पृश्यांनी आपली संघटना उभारली. सुइहेइशा. सुइहेइ म्हणजे पाण्याची सपाट पातळी. पाणी जसं वरखाली न राहता सारखं होते, तशी माणसं. कारध्याचं नाव पेपरात येते ते पावसाळ्यात, वैनगंगेची पातळी इथं मोजतात म्हणून. पाणी चढलं की साहेब येतात, आकडा लिहितात, जातात. माणसांची पातळी मोजायला अजून कोणी आलं नाही.

कॉलेजातली ती पोरं आणि हे सुइहेइवाले एकमेकांच्या गळ्यात पडले, असं मी म्हणत नाही. शहर एकच होतं आणि मध्ये विद्यापीठाचं फाटक होतं. ते फाटक माझ्या ओळखीचं आहे. आपल्याकडंही १९२९ साली रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकींना ज्युदो शिकवायला बोलावलं ते शांतिनिकेतनात. विद्या आली, पण फाटकाच्या आत.

आता खेळाचं बघा. पळवणकर बाळू चांभाराचा पोर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. पुण्यात मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. क्रिकेटात हे जमते. मध्ये बावीस यार्ड असतात. ज्युदोत काय करणार? समोरच्याची कॉलर मुठीत धरल्याशिवाय डावच सुरू होत नाही. छातीला छाती लागते. म्हणून जात चटईवरून उतरली आणि खुंटीवर जाऊन बसली. तिला बसायला जागा कुठंही मिळते.

आमचेच एक साथी म्हणतात, "बाबासाहेबांनी शिका म्हटलं, कुस्त्या खेळा नाही म्हटलं." अहो साथी, समता सैनिक दल काय भजनासाठी उभं केलं होतं?

दुसरे म्हणतात, आपल्या जिल्ह्यात खैरलांजी झाली, तिथं तुमचा ज्युदो काय कामाचा होता? बरोबर आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगेंच्या घरावर गाव चालून गेलं. मायलेकी, दोन पोरं, चौघांना मारून टाकलं. जमावापुढं कोणताच डाव चालत नाही. चालतो म्हणणारा फेकाड्या आहे. तिथं संघटना लागते, पोलीस ठाण्यात वेळेवर हलणारा माणूस लागतो, कोर्टात टिकणारा कागद लागतो. पण ती संघटना ज्या अंगांची बनते, ती अंगं लहानपणापासून आक्रसून चाललेली असतात. वाट सोडायची, खांदा चोरायचा, नजर खाली. हे आक्रसणं मोडायला काय करता, ते सांगा.

ज्युदोत पहिला धडा पडण्याचा असतो. हनुवटी छातीला लावायची, हाताचा पंजा चटईवर आपटायचा, आणि उठायचं. आम्हाला पाडणारे पुष्कळ भेटले, पडायचं कसं ते कोणी शिकवलं नाही. याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. दोन वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपुरात लाखोंना घेऊन धर्मच पालटला. पडून उठणं म्हणजे काय, ते आणखी कुठं शोधायला जाता?

म्हणून सांगतो, त्या क्लबच्या दारात अर्ज घेऊन उभे राहू नका. मॅट महाग आहे म्हणूनही बसून राहू नका. जपानची मूळ चटई कशाची असते, माहीत आहे? धानाच्या तणसाची! सारी उमर धान रोवणारे, कापणारे आपण. तणस आपल्या अंगणात गंजी लावून पडलं आहे. ते गच्च दाबा, वर ताडपत्री ताणून शिवा. चौदा एप्रिलच्या डीजेतून एका रात्रीचे पैसे काढा, त्यात जाड कापडाचे ड्रेस होतात. शिकवणारा जाणता हवा, नाही तर माना मोडतील. तो शोधून आणायची जबाबदारी माझी. पोट्ट्यांइतक्याच पोरी घ्या. ऑलिंपिकनं पुरुषांना १९६४ साली घेतलं आणि बायांना पदकासाठी खेळवायला १९९२ उजाडलं. आपण तेवढी वाट बघायची नाही.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहा. ड्रेस सगळ्यांचे सगळ्यांनी घालायचे. मांग, महार, चांभार, भंगी, गोंड, ढिवर. आपल्यातही खुंट्या कमी नाहीत.

इतिहास मग आपणच लिहू. त्यात ड्रेस पहिल्या पानावर असेल.

जयभीम!