खडकीचा एक डाव

बुद्धिबळाच्या पटावर प्रतिपक्षाच्या राजावर चालून जाण्याइतकें सुख हौशी खेळाडूस दुसऱ्या कशांतहि वाटत नाहीं. आम्हीहि त्याच पंथांतले. मध्यंतरीं खडकीस हौशी मंडळींचे सामने होते. त्यांत आम्हीं नांव दिलें, आणि आमचा पराक्रम पाहावयास पुतण्यासहि बरोबर नेलें.

समोर बसली होती एक शाळकरी मुलगी. तिनें किल्लेकोट केला होता. पण राजाची पाठराखण करणारा घोडा मारला गेला होता. आमचे उंट, घोडा व वजीर त्याच बाजूस रोखलेले. आम्हांस ग्रेकोची आठवण झाली. सतराव्या शतकाच्या आरंभींच्या या इटालियन खेळाडूनें आपल्या वह्यांत हा हल्ला लिहून ठेवला आहे. राजाच्या कडेचें, हत्तीच्या पट्टींतलें प्यादें उंटानें मारावें; राजानें तो उंट घेतला कीं घोड्यानें शह द्यावा; राजा मागें सरला कीं वजिरानें त्या उघड्या दारावर जाऊन उभें राहावें.

आम्हीं तसेंच केलें. पुढच्या खेळीस मात ठरलेली! आम्हीं पुतण्याकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. इतक्यांत त्या मुलीनें दुसऱ्या टोकाचा, डावभर जागचा न हललेला उंट शांतपणें उचलला आणि राजाच्या बाजूस आणून ठेवला. मधलें प्यादें गेल्यामुळें त्याची तिरपी वाट मोकळी होती. जेथें मात व्हावयाची, तें घर राखलें गेलें. आमचा उंट गेला तो गेलाच. पाठोपाठ डावहि गेला.

परततांना गणेशखिंडीजवळ पुतण्यानें विचारलें, “काका, तुमचा हल्ला तर बरोबर होता ना? मग हरलां कसे?”

उत्तर त्या माळाकडे पाहूनच सुचलें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं येथेंच मराठ्यांची व इंग्रजांची लढाई झाली. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. इंग्रजांची एक पलटण पाठलागाच्या भरांत रांग सोडून पुढें गेलेली बापू गोखल्यांनीं हेरली, आणि निवडक घोडदळ तिच्यावर सोडलें. जागा बरोबर, वेळहि बरोबर. परंतु मध्यें दलदल होती, ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. घोडे रुतले, धडक मोडली. बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. शौर्यास उणें नव्हतें. पुढें फेब्रुवारी १८१८ मध्यें बापू अष्टीस लढतां लढतांच पडले.

“म्हणजे तो कोपऱ्यांतला उंट ही तुमची दलदल!” पुतण्या म्हणाला.

लांकडी सोंगट्यांची त्या रणाशीं तुलना करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु ज्यावर घाव घालावयाचा तेवढेंच दिसावें आणि मधली वाट दिसूं नये, हा उत्साहाचा दोष दोन्हींकडे एकच. संसारांतहि त्याचीं उदाहरणें शोधावीं लागत नाहींत.

असो. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें पट मांडला. हल्ला त्यानेंच केला. मात्र उंट उचलण्यापूर्वीं त्याची दृष्टि सबंध पटावरून एकदां सावकाश फिरली. तोहि डाव आम्ही हरलों. पण त्या हरण्याचें दुःख झालें नाहीं.