डिस्कमागचा पत्रा

पेणच्या बाजारपेठेत घाऊक किराण्याचे दुकान असलेल्या एका गृहस्थांची मोटार २०१० सालची आहे. वडिलांनी हयातीत घेतलेली ती पहिली आणि शेवटची नवी गाडी. आठवड्यातून एकदा उधारीच्या वसुलीसाठी रोह्याची फेरी तिच्यातूनच होते. वडखळ, नागोठणे, पुढे भिसे खिंड उतरून रोहे, हा मार्ग गाडीला आता तोंडपाठ असावा. २०२५ च्या पावसाळ्यात तिच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक खरखर येऊ लागली. जुनी गाडी थोडीफार बोलायचीच, असे म्हणून त्यांनी तीन फेऱ्या काढल्या. चौथ्या फेरीत नात बरोबर होती. भिसे खिंडीच्या उतारावर, भर पावसात, त्या खरखरीचा एकाएकी कर्कश आवाज झाला आणि नातीने कानांवर हात ठेवले. ब्रेक लागत होता. परंतु तो किती वेळ लागेल, याचा भरवसा त्या क्षणी गाडीतील कोणालाच नव्हता.

रोह्यास एका गॅरेजमध्ये चाक उतरवल्यावर कारण दिसले. पुढच्या चाकात जी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, फिरते, तिच्या आतल्या बाजूस पातळ पत्र्याचे एक आच्छादन असते. त्यास डस्ट शील्ड म्हणतात. चाकाने उडवलेले खडे, चिखल आणि पाणी डिस्कच्या आतल्या अंगावर थेट जाऊ नये, तसेच तापलेल्या डिस्कची धग जवळच्या बॉल जॉइंटच्या रबरी टोपीस लागू नये, एवढेच त्याचे काम. ब्रेक लावण्यात त्याचा काडीचाही भाग नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. या गाडीत तो बोल्टच्या भोकांपाशी कुजून निखळला होता आणि त्याची वाकलेली कड डिस्कला घासत होती.

पेणचा परिसर लोखंडास मुळीच सोयीचा नाही. एका बाजूस खारेपाट आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूस चार महिन्यांचा धुवाधार पाऊस. पाणी आणि हवा एवढ्यानेही लोखंड गंजते. मीठ मिसळले की ती क्रिया फार वेगाने होते, कारण खारे पाणी विजेचे वहन अधिक चांगले करते आणि गंजणे ही मुळात विद्युत्-रासायनिक क्रियाच आहे. डिस्कवरही पावसाळ्यात रात्रीत तांबूस थर चढतो. पण ती जाड बिडाची असते आणि सकाळी दोनचार वेळा ब्रेक दाबला की पॅड तो थर पुसून काढतात. पत्र्यास पुसणारे कोणी नसते. त्यात पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाल्यापासून खडी, डबर आणि खड्डे यांची या भागातील वाहनांना किती सवय झाली, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. खड्याने रंगाचा टवका उडाला की गंजास वाट मिळते.

“शेठ, हा पत्रा कापून टाकू. त्यावाचून गाडी अडत नाही,” रोह्याचा मेकॅनिक म्हणाला. त्याने लोंबणारा भाग कटरने उडवला, आवाज थांबला आणि मंडळी सुखरूप पेणला पोचली. तो खोटे बोलला नव्हता. पुष्कळ जुन्या गाड्या या पत्र्याविना धावतात. मात्र हा सल्ला मागच्या चाकास लावू नये. तेथे ड्रम ब्रेक असला, तर त्यामागची प्लेट हे नुसते आच्छादन नसते. ब्रेकचे शू आणि व्हील सिलिंडर तिच्याच आधारावर बसवलेले असतात. ती कुजली तर ब्रेकच कुजला असे समजावे.

पेणच्या मिस्त्रींचे मत निराळे पडले. “कोरड्या मुलखात चालले असते, शेठ. इथे आतला पॅड लवकर झिजेल, आणि भरल्या रस्त्यातून निघाल्यावर पहिला ब्रेक उशिरा धरेल. पण पत्रा स्वस्त आहे, त्याच्यापर्यंत पोचणे महाग आहे.” कॅलिपर, त्याची चौकट आणि डिस्क काढली, तरी या गाडीत पत्रा हबच्या मागे अडकलेला असतो. हब प्रेसवर ओढून काढावा लागतो, आणि तसा काढताना बेअरिंग बहुधा निकामी होते. म्हणजे पत्र्यासाठी बेअरिंगचा खर्च. नव्या पत्र्यास चीर देऊन हबवरून सरकवण्याची युक्ती काही कारागीर करतात; मिस्त्रींना ती पसंत नव्हती.

घरी मुलाने गाडी विकण्याचा विषय काढला. त्याचे गणित चुकीचे नव्हते. पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत त्याच पावसाळ्यात संपत होती. प्राप्तिकराच्या हिशेबात मोटारीवर घटत्या शिलकेने पंधरा टक्के घसारा धरला, तर चार लाखांची गाडी पंधरा वर्षांनी पुस्तकात पस्तीस हजारांच्या आत येते. अशा वस्तूवर बेअरिंगसकट खर्च का करावा? वडिलांनी खतावणी उघडली नाही. इंजिन कसे आहे, तळाचा पत्रा कोठे कुजला आहे आणि बेअरिंगचे आयुष्य किती उरले आहे, एवढे तीनच प्रश्न त्यांनी मिस्त्रींना विचारले. इंजिन उत्तम होते, तळ शाबूत होता आणि बेअरिंग तसेही गुणगुणू लागले होते. (पुस्तकी किमतीवरून वस्तूचा निकाल लावण्याची सवय कर्ज देणाऱ्यांनाही असते, ती प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाही.) खर्च मंजूर झाला. उजवा पत्राही त्याच वेळी बदलावयाचा ठरले, कारण तोही चाळणीसारखा झाला होता.

डावा आणि उजवा पत्रा एकसारखे नसतात. चासी क्रमांक दिला म्हणून नेमके नग आले. गंज सोडवणाऱ्या तेलात बोल्ट रात्रभर भिजवले, तरीही एक तुटलाच. तो ड्रिलने काढून आटे पुन्हा पाडावे लागले. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवला होता. नळी उघडलीच नसल्याने ब्रेक ऑइलमधील हवा काढण्याचा प्रश्न आला नाही. नव्या पत्र्यांवर कारखान्याचा काळा रंग होता, तो मिस्त्रींना अपुरा वाटला. कडा आणि भोके यांना गंजरोधक प्रायमरचे दोन हात देऊन ते दिवसभर वाळत ठेवले.

पुढच्या आठवड्यात पेणच्या परिवहन कार्यालयात तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. त्यानंतरच्या रोह्याच्या फेरीस नात पुन्हा बरोबर होती. खिंडीच्या उतारावर आजोबांनी काच थोडी खाली केली आणि डाव्या चाकाकडे कान लावला. पाऊस आत येतो म्हणून तिने ती लगेच वर करावयास लावली.