९९९९ हा अनंत नव्हे

कर्मचाऱ्याची नोकरी, मालाचा दर, बँकेचं खातं: चालू नोंदीला सुरुवात असते, शेवट अजून नसतो. मग 'एंड डेट'च्या रकान्यात काय भरायचं? बंगळुरूच्या हेब्बाळ-नागवारा पट्ट्यातलं ऑफिस असो की पुण्यातलं हिंजवडी, सर्रास उत्तर मिळतं: ३१ डिसेंबर ९९९९. हा प्रघात मोडलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

प्रघाताच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. तारखेशी तारीख सरळ ताडता येते, इंडेक्स चालतो, क्वेरी सुटसुटीत राहते. एसक्यूएल सर्व्हरची टेम्पोरल टेबलंसुद्धा चालू नोंदीला ९९९९चाच शेवट देतात. शिवाय त्या सालापर्यंत ना आपण असणार, ना आपला कोड.

पण त्या साली काय होईल हा प्रश्नच नाही. नुकसान आज होतं. १ एप्रिल २०२४ला रुजू झालेल्याचा सेवाकाळ काढा. उत्तर येतं ७,९७५ वर्षं. संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी ही तारीखही इतर तारखांइतकीच खरी. असे आकडे सरासरीत मिसळले की अख्खा रिपोर्ट नासतो. त्यात आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्या ३१ डिसेंबरची यूटीसी २३:५९ ही वेळ भारतीय वेळेत न्यायला गेलं की साल होतं १००००. पायथॉनची तारीख ९९९९लाच संपते. प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन थांबतो.

दुसरा पक्ष म्हणतो, रकाना नल ठेवा. पण नल म्हणजे नेमकं काय? शेवट नाही, शेवट ठरायचा आहे, की शेवट होऊन गेला पण कुणी नोंदवला नाही? तिन्हींना एकच खूण कशी चालेल? वर 'शेवट आजच्या पुढे आहे का' असं विचारलं, तर नल होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. चालू नोंदच निकालातून गळते. प्रत्येक क्वेरीत आठवणीने कोअलेस लावायचं, तर कुणीतरी कधीतरी विसरणारच.

भूतकाळाकडेही हाच घोळ. तारखेच्या जागी शून्य गेलं की भारतात स्क्रीनवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच उमटतं. महाराष्ट्रात जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कित्येक मुलांना शाळेत १ जून चिकटली, तीही याच वृत्तीने. हेब्बाळात २०१८ साली सापडलेला कित्तय्या या वीराचा शिलालेख गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला; लेखाचा काळ सुमारे इ.स. ७५० मानला जातो. त्यापुढे १ जानेवारी ७५० लिहिणं खोटं, आणि 'अनादि' लिहिणंही खोटं. त्याला आरंभ आहे. नेमका दिवस तेवढा आपल्याला माहीत नाही.

म्हणून अनंताला स्वतःची खूण हवी. शिलाहारकालीन गद्धेगाळांवर, म्हणजे दानाची नोंद असलेल्या शिळांवर, दान कायमचं आहे हे सांगायला कुणी लांबचा शक घातला नाही. माथ्यावर सूर्य-चंद्र कोरले. त्या खुणेला कुणी तारीख समजूच शकत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'इन्फिनिटी' आणि 'मायनस इन्फिनिटी' ही मूल्यं हेच काम करतात. पहिलं प्रत्येक तारखेच्या पुढे, दुसरं प्रत्येकीच्या मागे. त्यामुळे तुलनाही होते आणि इंडेक्सही चालतो. पण डेटच्या रकान्यातल्या इन्फिनिटीतून एखादी तारीख वजा करू पाहिली, तर डेटाबेस साफ नकार देतो. ७,९७५ वर्षांच्या खोट्या उत्तरापेक्षा हा नकार लाखमोलाचा.

पायथॉनच्या तारखेत इन्फिनिटी मावत नाही आणि जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही, हा आक्षेप खरा आहे. तिथे 'मुदत नाही' असं शब्दांत पाठवा. डेटाबेसमध्येच सोय नसेल तर दोन रकाने ठेवा: एक तारखेचा, दुसरा तिच्या स्थितीचा. काम वाढेल, पण ते एकदाच वाढेल; चुकीचे रिपोर्ट निस्तरणं मात्र दर महिन्याला असतं.

टेबल आखतानाच प्रत्येक तारखेबद्दल विचारा: ती माहीत आहे, माहीत नाही, की मुळात नाहीच? या तीन उत्तरांना तीन वेगळ्या खुणा मिळेपर्यंत रिव्ह्यूमध्ये कोड मंजूर करू नका.