बाटली आडवी का होत नाही? मतदानाला न आलेल्या बाईचंही मत मोजलं जातं!

दारूबंदीसाठी मोर्चा निघतो, ग्रामसभेत हात वर होतात, घोषणा होतात. तरी मतमोजणीनंतर कित्येक गावांत बाटली उभीच राहते. दुकानदाराने पैसे वाटले, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. असेलही. पण खरी मेख नियमात आहे.

२००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं, तर आधी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. निकाल मात्र झालेल्या मतदानावर लागत नाही. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

हिशेब करून बघा. समजा, यादीत १२०० महिला आहेत. मतदानाला ७०० आल्या. ५८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, उभीला फक्त १२०. सरपंचाची निवडणूक असती तर गुलाल उधळला असता! इथे ६०१ लागतात, म्हणून दुकान चालूच. ऊसतोडीला गेलेली, पुण्यात मुलाकडे राहणारी, सासरी गेली तरी नाव इथंच असलेली, एवढंच काय, वारलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

साध्या ग्रामसभेचं याच्या बरोबर उलट. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी ते पुरे. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे दुकानाला ना-हरकत देण्याचा विषय अशा सभेत आला, तर मूठभर लोकांत ठराव होऊ शकतो. आणि तेच दुकान उठवायला अर्ध्याहून जास्त बायका हव्यात. चालत्या धंद्याला थोडं संरक्षण असावं, हे मान्य. पण मेलेल्या माणसाचं मत धरणं कुठला न्याय?

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्या. मयत आणि सासरी गेलेल्यांची नावं कमी करायला बीएलओकडे ७ नंबरचा फॉर्म भरा. निवेदन देताना तारखेचा अंदाज घ्या. दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर असतं. आणि ग्रामसभेच्या नोटिशीत दारू दुकानाचा विषय दिसला, तर तहकूब सभेलाही जा.