पहाटेचा घाट : एक निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, सातारा

विषय : यवतेश्वर घाटात पहाटे चालणाऱ्या, धावणाऱ्या व सायकल चालवणाऱ्या नागरिकांच्या सुरक्षिततेबाबत

महोदय,

सातारा हिल मॅरेथॉनच्या सकाळी यवतेश्वर घाट वाहनांसाठी बंद असतो. जागोजागी पोलीस, पाण्याची टेबले, तयार रुग्णवाहिका. धावपटू डोळे मिटून वळण घेऊ शकतो. 2012 पासून चालत आलेल्या या स्पर्धेचा आम्हाला अभिमान आहे. पण तिच्यासाठी लागणारा सराव याच घाटात, अंधारात, गाड्यांना अंग चोरत होतो. हे निवेदन वर्षातल्या त्या उरलेल्या सकाळींसाठी आहे.

घाटात येणारे सगळेच काही स्पर्धेतले नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आहेत, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी घराबाहेर काढलेले पेन्शनर आहेत, आणि सायकलवाले आहेत. चढावर सायकलचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर. मागची गाडी साठच्या वेगात असेल तर ती सेकंदाला 16 मीटरहून जास्त अंतर कापते. वळण संपताना दोघांत पंचवीस मीटर उरले असतील, तर चालकाच्या हाती दोन सेकंदही नसतात. त्यात पावसाळ्यातले धुके. ऑगस्टअखेर कासला फुले लागली की शनिवार-रविवारी तांबडं फुटायच्या आधीच पर्यटकांच्या गाड्या घाटाला लागतात. यातल्या कित्येकांना घाटरस्त्याची सवय नसते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, रोज पहाटे 5 ते 7 या वेळेत घाटात ताशी 30 किलोमीटरची मर्यादा लावून अवजड वाहने थांबवावीत, आणि फुलांच्या हंगामातील शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या 7 नंतरच वर सोडाव्यात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 व 115 खाली असे निर्बंध घालता येतात. मात्र एसटी, रुग्णवाहिका, तसेच पेट्री, सांबरवाडीकडून दूध-भाजी घेऊन उतरणारे गावकरी यांना यातून पूर्ण सूट असावी. आमच्या व्यायामापायी कुणाच्या पोटावर पाय येता कामा नये.

दुसरी गोष्ट साईडपट्टीची. डांबराची कड आणि माती यांत वीतभर जरी खाच असली, तरी गाडीला वाट द्यायला खाली उतरलेला सायकलवाला आडवा होतो. उतारावर तर सुटी खडीही पुरते. साईडपट्ट्या मुरूम दाबून डांबराच्या पातळीला आणाव्यात व दर पावसाळ्यानंतर पुन्हा भराव्यात. अंध वळणांवर गोल आरसे, कठड्यांवर रिफ्लेक्टर आणि रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा, एवढ्याने बराच फरक पडेल.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये मोडतो, असे म्हटले आहे. तरीही एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या घाटात पदपथ मागण्याचा अडाणीपणा आम्ही करणार नाही. समर्थ मंदिरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत तो सलग असावा, इतकेच मागणे आहे. याखेरीज पहाटे पोलिसांच्या गस्तीची एक फेरी व्हावी, आणि 112 क्रमांकाचे फलक घाटात लावावेत. त्यावर त्या जागेचा किलोमीटर लिहिलेला असावा. घाबरलेल्या माणसाला आपण कोणत्या वळणावर आहोत हे सांगता येत नाही.

आता आमच्याबद्दल. तिघे-चौघे ओळीने गप्पा मारत रस्ता अडवतात, कानात इअरफोन असतो, काळ्या कपड्यांत अंधारात धावतात, सायकलला मागचा लाल दिवा नसतो. हे आम्हीच रोज पाहतो, कधी करतोही. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने एकामागोमाग चालणे, अंगावर चमकणारी पट्टी आणि सायकलला दिवा, हे आम्ही आपसांत सक्तीचे करत आहोत. कुणी ऐकत नसेल, तर गस्तीवरच्या पोलिसांनी त्याला खुशाल टोकावे.

समितीची बैठक होण्याआधी सदस्यांनी एकदा पहाटे साडेपाचला घाट पायी चढून पाहावा, ही विनंती. तारीख आपण कळवावी. वर यवतेश्वरला चहा आमच्याकडून.

कळावे,

आपले नम्र,
घाटात रोज येणारे सातारकर नागरिक
(सोबत : सह्यांची यादी, धोक्याच्या वळणांचा हाती काढलेला नकाशा)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. पोलीस अधीक्षक, सातारा, मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, सातारा, मा. मुख्याधिकारी, सातारा नगरपरिषद