गृह आणि विज्ञान : फिरत्या घराच्या छपरावरील यंत्र

ठाणें जिल्ह्यांतून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. तिघां भावांचें एकत्र कुटुंब. घरांत सांधेदुखीनें बेजार झालेल्या आजी आणि एक तान्हें मूल. मंडळींनीं मिळून एक कॅराव्हॅन, म्हणजे निजण्याबसण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, करवून घेण्याचें ठरविलें आहे. दर हिवाळ्यांत भिवंडी तालुक्यांतील गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर आजींना न्यावयाचें, चार रात्री तेथेंच गाडींत काढावयाच्या, आणि वैशाखांत तीच गाडी घेऊन दूरच्या यात्रेस निघावयाचें, असा बेत आहे. छपरावर बसवावयाचें वातानुकूलन-यंत्र साधें घ्यावें कीं गारव्याबरोबर ऊबहि देणारें, 'हीट पंप' असलेलें घ्यावें, आणि तें केवढें असावें, हा त्यांचा प्रश्न. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांविषयीं पुष्कळ कुटुंबांत कुतूहल उत्पन्न झालें आहे. म्हणून हें उत्तर पत्रानें न धाडतां येथेंच सविस्तर देत आहों.

प्रथम हीट पंप म्हणजे काय तें पाहूं. आणि गणेशपुरीचाच दाखला घेतला तर तें चटकन समजेल. तानसेच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या भागांत जें ऊन पाणी वर येतें, तें जमिनीच्या पोटांतील उष्णता आपल्याबरोबर आणतें. उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे उष्णतेनें जावें हा सृष्टीचा नियमच असल्यामुळें तेथें कोणास कांहीं खर्च करावा लागत नाहीं. हीट पंपाचें काम याच्या नेमकें उलट. विहिरींतील पाणी आपण होऊन वर येत नाहीं, त्यास मोट किंवा रहाट लागतो. त्याचप्रमाणें बाहेरच्या थंड हवेंतील थोडीबहुत उष्णता उपसून आंतल्या उबदार खोलींत टाकावयाची तर शक्ति खर्च करावी लागते. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनीं १८५२ सालींच मांडली होती. पुढें स्वित्झर्लंडांतील झुरिच शहराच्या नगरसभागृहास १९३८ सालापासून शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीच्या थंडगार पाण्यांतून उष्णता उपसून ऊब देण्यांत येऊं लागली. ज्या पाण्यांत हात घालवत नाहीं त्यांतूनहि ऊब काढतां येते, हें प्रथम ऐकणारास खोटेंच वाटतें.

छपरावरील यंत्रांत हेंच घडतें. एक वायु नळ्यांतून फिरत असतो. कॉम्प्रेसर त्यास दाबून तापवितो, पुढें तो मोकळा सुटला म्हणजे गार पडतो. उन्हाळ्यांत गाडींतील उष्णता बाहेर टाकली जाते. आणि एक झडप फिरविली कीं प्रवाह उलटून बाहेरची उष्णता आंत येऊं लागते. यंत्र उष्णता निर्माण करीत नाहीं, ती नुसती इकडची तिकडे नेतें, म्हणूनच एक युनिट विजेंत तें दोन-तीन युनिटांइतकी ऊब देऊं शकतें. विजेच्या तारेची शेगडी एका युनिटांत एकाच युनिटाची ऊब देते. येथें ग्राहकानें एक सावधगिरी बाळगावी. कित्येक यंत्रांच्या माहितीपत्रकांत 'हीट' असा शब्द असतो, पण आंत केवळ तापणारी तार बसविलेली असते. तो हीट पंप नव्हे. विक्रेत्यास स्पष्ट विचारावें कीं ऊब देतांना कॉम्प्रेसर चालतो कीं नाहीं. उत्तर देतांना तो घुटमळला, तर काय समजावयाचें तें समजावें.

आतां गणेशपुरीस ऊब खरोखर किती लागते? जानेवारींतील पहाटे तेथें पारा साधारण १५ अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीस निरोगी माणसास एक घोंगडी पुरे. परंतु पहाटे कुंडांत स्नान करून ओल्या केसांनीं परत आलेल्या वृद्ध बाईस, किंवा रात्रीं दुपटें लाथाडून टाकणाऱ्या तान्ह्या मुलास, तो अर्धा-पाऊण तासाचा गारठा बाधतो. त्या वेळेपुरती गाडी २४-२५ अंशांपर्यंत उबदार करणें हें काम हीट पंप उत्तम करतो, कारण बाहेरच्या हवेंत उपसण्याजोगी उष्णता तेव्हां भरपूर असते. कोकणपट्टींत आणि बहुतेक देशावरहि हीच स्थिति आहे. मात्र बाहेरचा पारा चार-पांच अंशांच्या खालीं गेला कीं छपरावरील सामान्य यंत्रांच्या बाहेरच्या नळ्यांवर हिम धरूं लागतें आणि पुष्कळ यंत्रें त्या सुमारास ऊब देण्याचें काम आपण होऊन बंद करतात. निफाडसारख्या ठिकाणीं एखाद्या जानेवारींत अशी रात्र येते. बद्रीनाथ तर तीन हजार मीटरांहून उंच. तेथें वैशाखांतहि रात्रीं पारा या मर्यादेपाशीं येऊं शकतो. तेव्हां हीट पंप आहे म्हणून हिमालयांत आजींना गाडींतच निजवावें असें मात्र मुळींच करूं नये. तेथें पक्क्या भिंतींची खोली घ्यावी आणि गाडी सामानासाठीं ठेवावी.

मग हीट पंपावर जास्त पैसे घालावे काय? आमच्या मतें घालावे. पण विजेची बचत हें त्याचें कारण नव्हे. वर्षांतून दहा-पंधरा पहाटे चालणाऱ्या यंत्रानें वाचविलेल्या विजेंतून त्याची जादा किंमत कधींच भरून निघणार नाहीं. कारण दुसरेंच आहे. बंद गाडींत थंडी वाजूं लागली आणि ऊब मिळविण्याचा सुरक्षित उपाय हाताशीं नसला, म्हणजे कोणाला तरी कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल पेटवून ठेवण्याची बुद्धि होते. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. पण त्या खोलीच्या कौलांतून, खिडक्यांच्या फटींतून वारा खेळत असे. रबराच्या पट्ट्या लावून घट्ट बंद केलेल्या मोटारींत तीच शेगडी प्राणघातक होते. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो आणि निजलेला मनुष्य जागाच होत नाहीं. हीट पंपांत कांहींच जळत नसल्यामुळें हें भय तेथें नाहीं.

परंतु भय तेवढ्यानें संपलें असें समजूं नये, कारण यंत्रास लागणारी वीज कोठून येते हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२४ मध्यें केरळांतील वडकरा येथें रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्यें दोन माणसें मृतावस्थेंत आढळलीं. तपासांत असें निष्पन्न झालें कीं वातानुकूलनासाठीं चालू ठेवलेल्या जनित्राचा हाच विषारी वायु गाडींत शिरला होता. हें वृत्त ज्यांच्या वाचनांत आलें नसेल त्यांनीं गाडी बांधून घेण्यापूर्वीं त्याचा विचार अवश्य करावा. आमचा सल्ला असा कीं माणसें आंत निजलेलीं असतांना जनित्र चालवावयाचेंच नाहीं, आणि गाडीचें इंजिनहि नाहीं. यंत्र चालवावयाचें तें यात्रिनिवासाच्या किंवा वाड्याच्या भिंतींतील विजेवर. ती मिळत नसेल त्या रात्रीं खिडक्या उघडून, मच्छरदाणी लावून निजावें. शिवाय या वायूची सूचना देणारी छोटी घंटा बाजारांत मिळते. ती अंथरुणाच्या उंचीवर बसवून घ्यावी.

विद्युत्‌-संचयावर, म्हणजे बॅटरीवर, रात्रभर यंत्र चालवूं असें सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतील. त्यांच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसावें. १२ व्होल्ट व २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिटें. छपरावरील सामान्य यंत्र चालू असतांना सुमारें दीड किलोवॅट वीज खातें. म्हणजे अशी एक बॅटरी दीड तासांतच संपली. यंत्र मधूनमधून थांबतें असें धरलें तरी उजाडेपर्यंत निभावण्यास तशा तीन-चार बॅटऱ्या लागतील, आणि त्यांचें ओझें व किंमत ऐकून घरचे कर्ते पुरुष यात्राच रहित करतील!

यंत्र केवढें घ्यावें याविषयीं लोकांची समजूत अशी कीं मोठें तें चांगलें. कोकणांत ही समजूत फार नडते. एक टन म्हणजे ताशीं १२,००० बी.टी.यू., अथवा सुमारें साडेतीन किलोवॅट उष्णता उपसण्याची ताकद. छपरावरील यंत्रें बहुधा १३,५०० व १५,००० बी.टी.यू. या मापांचीं येतात. आमच्या दमट हवेंत जिवाची तगमग होते ती नुसत्या उष्णतेमुळें नव्हे, तर हवेंतील बाष्पामुळें. यंत्राच्या थंड नळ्यांवर हें बाष्प पाणी होऊन गळून जावयास वेळ लागतो. गाडीच्या मानानें यंत्र फार मोठें असलें तर तें पांच-सात मिनिटांत हवा गार करून थांबतें, दमटपणा तसाच राहतो, आणि माणसास गार पण ओलसर, चिकट वाटत राहतें. सांधे दुखणाऱ्यास तर तें अगदींच सोसत नाहीं. सहा-सात मीटर लांबीच्या, छपरास व बाजूंस नीट अस्तर दिलेल्या गाडीस १३,५०० चें यंत्र पुरावें. मे महिन्यांत गणेशपुरीच्या बाजूस दुपारीं पारा ३८-४० अंशांवर जातो. त्या वेळीं अस्तर नसलेल्या पत्र्याच्या गाडीस दोन यंत्रेंहि पुरणार नाहींत. म्हणून पहिला पैसा अस्तरावर, दुसरा कांचांच्या जाड पडद्यांवर, आणि मग यंत्रावर खर्चावा. छपरास पांढरा रंग आणि माथ्यावर एखाद्या आंब्याची सावली यांची बरोबरी कोणतेंच यंत्र करीत नाहीं.

परदेशांतून आणलेलें यंत्र स्वस्त मिळतें म्हणून भुलूं नये. अमेरिकेंतील यंत्रें ११५ व्होल्ट व ६० आवर्तनांच्या विजेसाठीं केलेलीं असतात. आपली वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. व्होल्ट बदलून देणारी पेटी मिळते, पण तिनें आवर्तनें बदलत नाहींत. आपल्याच विजेसाठीं बनविलेलें, आणि शक्य तर इन्व्हर्टर जातीचें यंत्र घ्यावें. साधा कॉम्प्रेसर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढतो आणि खेड्यांतील अशक्त जोडणीवर दिवे मंद होतात. इन्व्हर्टर जातीचें यंत्र हळूहळू वेग घेतें. त्याचा आवाजहि कमी. वृद्धांची झोंप आधींच सावध असते. डोक्यावर दोन हातांवर घरघरणारें यंत्र त्यांना रात्रभर जागें ठेवील. आजींचें अंथरूण वाऱ्याच्या झोतासमोर येणार नाहीं अशी मांडणी गाडी बांधतांनाच करून घ्यावी. मागाहून तें जमत नाहीं.

उरल्या दोन गोष्टी. असें यंत्र ४० ते ५० किलो वजनाचें असतें व त्यासाठीं छपरास सुमारें ३६ सेंटिमीटरांचा चौकोन कापावा लागतो. गाडींत असे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें परवानगी लागते. ती कारागिरावर न सोंपवितां घरच्या माणसानें स्वतः जाऊन मिळवावी. आणि त्या चौकोनाभोंवतीं जी मऊ गादीसारखी पट्टी असते तीच पाऊस बाहेर ठेवते. प्रवासाच्या धक्क्यांनीं तिचे चार खिळे सैल होतात. दर वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस ते आंतून आंवळून घ्यावे, गाळणी साबणाच्या पाण्यानें धुवावी, आणि मृगापूर्वीं छपरावर दोन घागरी पाणी ओतून खालीं कोठें थेंब येतो काय तें पाहावें.